न धुतलेली हिरॉइन

“आजोबा, तुम्ही एवढ्या हिरॉइनी रंगवल्यात, त्यातली तुमची लाडकी कोण?”

प्रश्न माझा नव्हता. निदा आणि रेवतीचा होता, मी फक्त आवाज दिला. पैज अशी होती, की विलास टॉकीजच्या बंद तिकीटखिडकीत जो म्हातारा बसलेला असतो, त्याला हे मोठ्यानं विचारायचं आणि विचारताना हसायचं नाही. जमलं तर भेळ त्या दोघींकडून. त्या उन्हाळ्यात मला कशाचीच भीती वाटत नव्हती. दहावीची परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता, आणि मी फॅशन डिझायनर होणार आहे हे निम्म्या बार्शीला सांगून झालं होतं. उरलेल्या निम्म्या बार्शीला आईनं सांगितलं होतं.

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे बघितलं.

“त्या दोघी कशापायी हसायल्यात?”

“माझ्या मैत्रिणी आहेत.”

“पैज लावली व्हय?”

“हो.”

“कशाची?”

“भेळ.”

“मंग नीट उत्तर द्याय पायजे,” ते म्हणाले आणि खरंच विचार करायला लागले. मी ओठ दाताखाली धरून उभी. मागून निदाचा खोकल्यासारखा आवाज आला.

“एकीलाच ठिवलीय,” ते म्हणाले. “बाकीच्या धुतल्या.”

“धुतल्या?”

“मंग! दर आठवड्याला नवीन कापड कोण देतंय? गुरुवारी रंगवायचं, शुक्रवारी ह्या खिडकीवर टांगायचं. फुडच्या शुक्रवारी उतरवायचं, मागल्या हौदात धुवायचं, वाळवायचं, त्याच कापडावर दुसरी हिरॉइन. माझ्या हातच्या कितीतरी राण्या त्या हौदातनं वाहून गेल्या.”

मी पैज जिंकले, पण भेळ खायला गेले नाही. त्या दोघी गेल्या. जाताना रेवती ओरडली, “केतके, तुझा वाटा आम्ही खाणार बरं का!” मी नुसता हात हलवला.

खरं म्हणजे मला त्या टॉकीजशी आधीपासूनच काम होतं. तळेकर मॅडमच्या फॅशनच्या क्लासला मी सुट्टीत जायला लागले होते, आणि क्लासचं प्रदर्शन मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये होतं. प्रत्येकीनं एक ड्रेस करायचा, आणि तो ड्रेस कशावरून सुचला ते शेजारच्या फळ्यावर चित्रं लावून दाखवायचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मोबाइलमधून सुचवून आणलं तर वही फाडून टाकीन. बार्शीत डोळे उघडे ठेवून फिरा.”

बाकीच्या मुली देवळांकडे पळाल्या. मी विलास टॉकीजसमोरच्या सायकलवाल्याच्या बाकड्यावर तीन दिवस वही घेऊन बसत होते. बारा वर्षं बंद पडलेलं टॉकीज, पण काय इमारत होती! डोक्यावर पायऱ्यापायऱ्यांचा मुकुट. तिथून थेट खालपर्यंत उतरलेल्या सिमेंटच्या उभ्या धारा, एखाद्या झग्याला बारीक प्लीट्स घालाव्यात तशा. कोपरा टोकदार न काढता गोल वळवलेला, आणि त्या गोलाईवर जहाजाला असतात तशा तीन गोल खिडक्या. सिमेंट असं वळतं, तर कापडानं का वळू नये? मुकुटाची कॉलर, धारांचे प्लीट्स, गोल कोपऱ्यासारखी कंबर. माझ्या वहीची अकरा पानं भरली होती.

“वही कशाची हाय?” एकनाथ पेंटरनी विचारलं. टॉकीज चालू होतं तेव्हा ते तिथले पेंटर होते आणि बंद पडल्यावर मालकानं त्यांनाच राखणीला ठेवलं होतं. हे मला पप्पांनी सांगितलं होतं.

मी वही खिडकीतून आत सरकवली. त्यांनी एकेक पान बोटाला थुंकी न लावता, कडेनं उचलून उलटलं.

“पायऱ्या चुकल्यात. तीन न्हाईत, चार हायत. वरली झिजलीय म्हणून खालनं दिसत न्हाई.”

“चार? मग कॉलर अजून उंच होईल!”

“कशाची कालर?”

मी सगळं सांगितलं. मला एकदा बोलायला लागलं की थांबता येत नाही, आजही येत नाही. ते ऐकता ऐकता हसायला लागले, पण चेष्टेनं नाही.

“एवढी वर्सं लोकं आली, समदी पोस्टर बघायची. ही बिल्डिंग कुणी बघितली न्हाई. आणि तू तिचं पोलकं शिवायलीस.”

“पोलकं नाही आजोबा, गाऊन.”

“तेच ते. ये आत, तुला दावतो.”

त्यांनी बाजूचं लोखंडी दार उघडलं. आत तिकिटांच्या खोलीमागे एक अंधारी खोली होती, तिथे एका पत्र्याच्या पेटीत, निरम्याच्या जुन्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं कापड त्यांनी काढलं आणि भिंतीवरच्या दोन खिळ्यांना अडकवलं.

मी ‘आई शप्पथ’ म्हणाले असणार. सात फूट उंच मांजरपाट. पिवळं नऊवारी नेसलेली बाई, गुडघ्यापर्यंत. मी आधी निऱ्यांशी खालीच बसले. एकेका निरीला तीन पिवळे: उजेडाचा, मधला, आणि सावलीचा तपकिरीकडे झुकणारा. लांबून बघितलं तर कापड हलतंय असं वाटावं. पदर खांद्यावरून असा फेकलेला, की त्याचं वजन कळत होतं. काठाला हिरवी बारीक चौकट. दंडात रुतलेली चोळीची बाही, आणि रुतल्यामुळे दंडाला पडलेली घडी. ती घडीसुद्धा त्यांनी काढली होती! आमच्या क्लासमध्ये पडणारं कापड कसं दाखवायचं हे मॅडम महिनाभर शिकवत होत्या आणि कुणाला येत नव्हतं. इथे एका माणसानं दर गुरुवारी ते केलं होतं.

“फोटो काढू?”

“काढ की.”

मी काढत सुटले. ते मागे पेटीवर बसून होते, वर बघत.

“ही कोणत्या सिनेमातली?” मी विचारलं.

“नाव विसरलो. मराठी हुता, ग्रामीण. ही वर एक तास बी टिकली न्हाई. मालक आले, म्हणले, एकनाथ, ही कोण? हिरॉइन वळकू येत न्हाई, उतरव.”

“अय्या! मग?”

“मंग उतरवली. दुसरी काढली सांजच्याला. मालकाचं बरोबर हुतं. वळकू येत नव्हती.”

मला गंमत वाटली. एवढा कसलेला माणूस आणि चेहरा जमला नाही!

कापडाच्या तळाशी दोनेक फुटांचा पट्टा कोराच होता. सिनेमाचं नाव लिहायची जागा, पण त्याआधीच पोस्टर उतरलं होतं. चाळीस वर्षं जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला, सायीच्या रंगाचा मांजरपाट. मी त्याला हात लावला आणि मला माझी कॉलर दिसली. नव्या कापडाची नाही, ह्याची. टॉकीजच्याच कापडाची!

“आजोबा, हा खालचा पट्टा मला द्याल?”

त्यांनी पट्ट्याची वरची कड बोटांनी चाचपली.

“तो जोड लावलेला हाय बघ. वरच्या कापडाला शिवलाय. उसवावा लागंल.”

“मी उसवीन. उसवण्यात माझा हात कुणी धरत नाही, मॅडमना विचारा. मी जेवढं शिवते त्याच्या दुप्पट उसवते.”

ते हसले. “हितं नगं उसवू, उजेड न्हाई. घरी ने. सावकाश उसव. पट्टा तुझा, वरचं माझं. परवा दिवशी आणून दे.”

“नक्की.”

“हिच्याशिवाय माझ्याकडं माझ्या हातचं काईच न्हाई, पोरी.”

“माहितेय आजोबा. तुम्हीच सांगितलंत ना, बाकीच्या धुतल्या.”

हे वाक्य मीच म्हणाले होते. स्वतःच्या तोंडानं. म्हणून लिहून ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चटई टाकून उसवायला बसले. शिवण निघेना. बहुतेक पेंटरच्याच हाताची असणार, मेणदोरा ओढून पक्की घातलेली, आणि वरून रंग आणि खळ बसून ती कडक झालेली. दोन टाके काढताना सुई मोडली. कात्रीचं टोक घातलं तर कापडच फाटेल असं वाटलं. साडेदहाला क्लास होता.

आमच्या क्लासमध्ये एक नियम होता, तो आम्ही प्रार्थनेसारखा एका सुरात म्हणायचो. मॅडम ओरडायच्या, “कात्री लावायच्या आधी?” आणि आम्ही सगळ्या, “पाणी दाखवायचं!” सुती कापड शिवल्यावर धुतलं की आटतं, म्हणून आधी भिजवून वाळवून घ्यायचं. माझ्या हातांना त्याची इतकी सवय झाली होती की दुकानातून कापड आलं की ते आधी टबात. शिवाय कडक झालेली शिवण पाण्यात नरम पडते, हेही मॅडमनीच सांगितलेलं. आणि रंग? रंगाचा विचार मी केला होता. अगदी केला नव्हता असं नाही. मला वाटलं, पोस्टरचा रंग, उन्हात टांगायचा, पक्काच असणार. धुतात म्हणजे सोडा घालून, ब्रशनं घासून काढत असतील. मी तर नुसतं भिजवणार होते. थंड पाणी, साबण नाही, चोळायचं नाही.

मोरीतल्या निळ्या टबात कापड घातलं, हातानं हलकेच दाबलं, आणि सायकल काढली. क्लासमध्ये चौथ्या पायरीची कॉलर मॅडमना दाखवली. मॅडम फार कमी वेळा हसतात. हसल्या. म्हणाल्या, “बारंगुळे, हे शिवून दाखवलंस तर पहिल्या रांगेत, दारासमोर लावीन.” मी घरी येताना सायकलचे दोन्ही हात सोडून आले.

दारातच आई.

“केतके, टबात काय टाकून गेली होतीस गं? कच्च्या रंगाचं कापड आणलंस की काय? केवढा रंग सुटला! पिवळा, मग लाल, मग नुसतं चिखलाचं पाणी. तीन वेळा पाणी बदललं मी.”

“बदललं?”

“मग तसंच ठेवू? दुसऱ्या कपड्यांना लागला असता ना. पण आता बघ, किती छान निघालंय. वाळत घातलंय गच्चीवर.”

मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही.

तारेवर सात फुटी कापड होतं. वाऱ्यानं भरून फुगत होतं आणि परत पडत होतं. कुठेही काही नव्हतं. मी त्याच्या मागे गेले, उन्हाच्या बाजूनं बघितलं. कमरेच्या जागी फिकट पिवळट डाग होता, चहा सांडल्यासारखा. वरच्या बाजूला तोही नव्हता.

आई मागून आली. “काय झालं? अगं बोल तरी. केतू?”

मी सांगितलं. ती मटकन कठड्याशी बसली आणि पदर तोंडाशी नेला. “मला काय माहीत गं,” ती म्हणत राहिली. “मला वाटलं तुझं क्लासचं कापड. मी तर कौतुकानं धुतलं.”

“तुझं काही नाही आई. मी भिजवलं.”

“पण चोळलं मी ना.”

पप्पा एसटीत कंडक्टर होते. दुपारच्या गाडीवरून ते आले तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो, जेवण तसंच झाकलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गणवेशाचं वरचं बटण काढलं, पाणी प्याले.

“सरसाचे रंग असतात ते,” ते म्हणाले. “सरस म्हणजे डिंकासारखा. पावडरीत सरस कालवायचा. पाणी लागलं की सुटतात, म्हणून तर धुता यायचे. लहानपणी आम्ही मागच्या हौदावर बघायला जायचो. रंगीत पाणी नाल्यातून वाहायचं. कधी लाल, कधी निळं. मजा वाटायची.”

“म्हणजे घासायला लागायचंच नाही?”

“नाही.”

मग पप्पांना एकदम सुचलं. त्यांचा चेहरा उजळला, तिकिटाचा हिशेब जुळल्यावर उजळतो तसा.

“तू फोटो काढलेस ना? मग रडतेस कशाला? आपण फ्लेक्सवाल्याकडून तस्सं छापून देऊ. सात फुटी. त्याच्याहून टिकाऊ. पाणी लागलं तरी काही होणार नाही.”

आईनं डोळे पुसले. “हो गं! दाखव बघू फोटो.”

मी मोबाइल काढला. चौदा फोटो होते. मी ते बघितले, मग परत पहिल्यापासून बघितले, मग मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

“काय झालं?” पप्पांनी विचारलं.

“मी जाऊन येते,” मी म्हणाले.

“कुठे? अगं थांब, आत्ता जाऊ नकोस, संध्याकाळी आपण दोघं जाऊ. मी बोलतो त्यांच्याशी. म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं त्याची एक रीत असते,” पप्पा म्हणाले. आई म्हणाली, “नाहीतर म्हणावं, उंदरांनी कुरतडलं. तेवढंच कमी वाईट वाटेल त्यांना.”

मी कापडाची घडी घातली. निरम्याच्या त्याच पिशवीत ठेवली. सायकलला हात लावायची हिंमत झाली नाही, चालत गेले.

एकनाथ पेंटर खिडकीतच होते. मला बघून म्हणाले, “उद्या यायची हुतीस न्हवं? एवढ्यात उसवलं बी?”

मी पिशवी आत सरकवली. ते घडी उघडायला लागले, एक घडी, दुसरी घडी, आणि मग हात थांबले. त्यांनी कापड नाकाशी नेलं. वास घेतला. अंगठ्यानं विणीवरून घासून बघितलं, जसं दुकानात बघतात.

“पाणी लागलं?”

“मी भिजवलं, आजोबा. मीच. शिवण निघेना म्हणून. मला वाटलं... मला रंगाचं माहीत नव्हतं. माझ्याच हातून झालंय.”

खिडकीच्या आतल्या फळीवर त्यांनी कापड पसरलं आणि तळहातानं सुरकुत्या काढत बसले. रस्त्यानं एक टमटम गेली, मग दुसरी.

“स्वच्छ निघालंय,” शेवटी ते म्हणाले. “कौसाच्यानं बी एवढं स्वच्छ कधी निघालं न्हाई. डोळ्यांची काळी शाई ऱ्हायची. फुडच्या हिरॉइनीच्या खाली मागलीचे डोळे दिसायचे बारीक.”

“कौसा कोण?”

“बायको माझी. समदी पोस्टरं तीच धुवायची की. मी रंगवायचा, ती धुवायची. मी म्हणायचा, कौसे, एवढी झकास काढलीय, एक दिस तरी राहू दे. म्हणायची, बाकीच्या बायांना घरात ठिवत नसत्यात.” ते हसले, आणि हसू निम्म्यात राहिलं. “एक ही तेवढी धुतली न्हाई तिनं. पाण्यापातुर नेली आणि परत आणली. म्हणली, मी मलाच कशी धुऊ?”

मी कापडाच्या वरच्या टोकाकडे बघितलं.

“पिक्चरचा फोटू आला नव्हता त्या बारीला,” ते सांगत राहिले, कापडाकडेच बघत. “मालक म्हणले, कायतरी काढ. मंग तिलाच बसवली समोर, पिवळं लुगडं नेसवून. लई लाजली. मालक म्हणले, ही कोण? आता काय सांगायचं त्यांना?”

“तुमच्याकडे त्यांचा दुसरा फोटो असेल ना, आजोबा?”

“हाय की. इलेक्शन कार्डावर हाय, लेकीच्या लग्नातला हाय. पर फोटूवाल्यानं बटन दाबलं की ती डोळं मिटायची. समद्या फोटूंत मिटलेलीच. हितं एकटी बघत हुती.” त्यांनी कापडावर एका जागी बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं.

मग त्यांचं बोट तिथून उचललं गेलं आणि माझ्याकडे वळलं. त्यांच्या आवाजात जे आलं ते मला आजही ऐकू येतं. आता मी बारावीत आहे, दोन वर्षं होत आली. आशा होती ती. साधी, लहान मुलासारखी आशा.

“आगं, तू फोटू काढलंस न्हवं! दाव, दाव. मोबाइल हाय न्हवं संगं?”

मला पळून जायचं होतं. मी मोबाइल काढला. खिडकीच्या जाळीतून आत धरला.

पहिला फोटो: पदर.

“फुडं,” ते म्हणाले.

दुसरा: निऱ्या. तिसरा: निऱ्या, जवळून. चौथा: हिरवा काठ.

“फुडं.”

पाचवा काठाचा कोपरा, जिथे चौकट वळते. सहावा चोळीची बाही. सातवा दंडावरची घडी. आठवा, नववा: पदर परत, वेगळ्या उजेडात. प्रत्येक फोटोला ते थोडं थांबायचे, पुढचा तोच असेल म्हणून. दहावा: बांगड्या. अकरावा: कानातला झुबा.

त्यांनी माझा मोबाइल हातात घेतला आणि चष्मा डोळ्यांवर ओढला.

“हितं. ह्यो गाल हाय.”

झुब्याच्या खाली, फोटोच्या कडेला, अंगठ्याएवढा गव्हाळ रंग होता.

“हो आजोबा.”

“ह्याच्या वर?”

मी बोटांनी फोटो मोठा केला, सरकवला. तो वर सरकेना. जेवढा होता तेवढाच होता.

“वरचं न्हाई घेतलंस?”

“नाही.”

“फुडं.”

बारावा, तेरावा, चौदावा. सगळं काठ आणि कापड. मी बोट सरकवलं आणि परत पहिला आला, पदर.

“संपले, आजोबा.”

ते त्या पदराकडे बघत राहिले. काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला होता. मोबाइल विझला. त्यांनी तो सांभाळून, दोन्ही हातांनी मला परत दिला.

“लुगडं चांगलं आलंय,” ते म्हणाले.

मी रडायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कापडाची घडी घातली, चारी टोकं जुळवून, फार नेमकी, आणि पिशवीत घालून बाहेर माझ्याकडे सरकवली.

“ने. पट्टा बी ने, वरचं बी ने. शिव तुझं पोलकं. कोऱ्या कापडाचं मी काय करू?”

“आजोबा, मला नको ते.”

“ने म्हणतो न्हवं.” मग जरा वेळानं, “आणि आता येऊ नगं, पोरी. राग न्हाई तुझ्यावर. पर येऊ नगं.”

त्यांनी खिडकीची फळी खाली घेतली.

तिथून मी कुठून कशी फिरले माहीत नाही. चालताना मी एकच करत होते: तो चेहरा आठवत होते. मी त्या खोलीत अर्धा तास होते. समोर होती ती. निऱ्या किती होत्या ते मला सांगता येत होतं, काठाच्या चौकटीत किती रेघा, बाही कुठे रुतली होती तेही. चेहऱ्यातलं मला एकच आठवलं, कुंकू होतं. आडवं की गोल, तेही नाही.

घरी आले तेव्हा दोघं माझी वाट बघत होते. आईनं माझ्या हातातली पिशवी बघितली.

“परत दिलं त्यांनी?”

“शिव म्हणाले.”

“बघ!” आईचा जीव भांड्यात पडला. “माणूस मोठ्या मनाचा. त्यांनीच दिलंय ना आता? मग कसली चोरी? चार दिवस राहिलेत, लाग कामाला. मॅडमचा फोन आला होता, दारासमोरची जागा तुलाच ठेवलीय म्हणाल्या. कोल्हापूरहून कोणी परीक्षक येणारेत. मावशीला मी बोलावलंय, आत्या येतेय.”

“आई.”

“आणि त्यांनाही बोलावू प्रदर्शनाला. बघून बरं वाटेल त्यांना.”

“आई, मी शिवणार नाही.”

“हे नाही तर दुसरं कापड घे. पप्पा उद्या आणतील. तुझी कॉलर...”

“ड्रेसच करणार नाही. मी प्रदर्शनात नाहीये. मॅडमना मी स्वतः सांगणार आहे, तुम्ही कुणी फोन करायचा नाही.”

“ठीक आहे,” पप्पा म्हणाले. “नको तर नको. चूक झाली, शिक्षा घेतलीस, संपलं. सुट्टीत मग काय करणार? गावाला जातेस?”

“मी उद्यापासून रोज विलास टॉकीजला जाणार आहे.”

“त्यांनी काय सांगितलं?”

“येऊ नको म्हणाले.”

“मग?”

“मग खिडकी उघडेपर्यंत बाहेर बसेन. समोर सायकलवाल्याचं बाकडं आहे.”

“आणि उघडल्यावर?” आईनं विचारलं. तिचा आवाज हळू झाला होता. “काय करणार तिथे बसून, बाळा?”

“ते चित्र त्यांच्या बायकोचं होतं. तिचा चेहरा ते सांगतील आणि मी काढीन. गाल कुठे होता ते कळलंय. इलेक्शन कार्डावरून नाक, कपाळ घेता येईल. फक्त डोळे ते सांगतील.”

“तुला कुठे माणसांची चित्रं काढता येतात?” पप्पांनी विचारलं.

“येत नाहीत. शिकणार आहे. आणि लवकर शिकायला पाहिजे, पप्पा. त्यांना अजून आठवतंय तोवर.”